जांभळ्या टोपणाची नळी

रक्त मुस्तवेहून तार्तूला आलं ते बसने.
जांभळ्या टोपणाची नळी, भोवती वर्तमानपत्र,
वर रबरबँड, आणि रशियन अक्षरांत: मुरी, नर, अकरा वर्षं.
बर्फाची पिशवी होती, तिचं केव्हाच कोमट पाणी झालेलं.
ड्रायव्हर म्हणाला, हीटरजवळ ठेवली, गोठू नये म्हणून.
बाहेर उणे एकोणीस. त्याचं काय चुकलं?

मी नळी फिरवली, वरचा पिवळट थर यंत्राला दिला.
यंत्र विचारत नाही कसे आलात, वाटेत किती वेळ लागला.
सातशे चाळीस.
हृदय ताणलं की हे प्रथिन रक्तात उतरतं;
एवढंच उतरलं असेल तर फार काळजी नाही,
असं भिंतीवरचा तक्ता म्हणतो.

संध्याकाळी फोन. फेव्रोनिया.
पेइप्सी सरोवराच्या काठी कांदे पिकवणारी,
जुन्या पंथाची, दोन बोटांनी क्रूस करणारी,
एस्टोनियन बोलताना प्रत्येक वाक्य
पोत्यासारखं उचलून ठेवणारी.
"आकडा?"
मी सांगितला.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग ऐकू आलं, ती कुत्र्याला सांगत होती,
तिच्या भाषेत, हळू,
पोराला पास झाल्याचं सांगावं तसं.

रात्री भांडी घासताना हात कोमट पाण्यात होते
आणि ती पिशवी आठवली.
हे प्रथिन उबेत टिकत नाही.
तासातासाला विरत जातं,
आणि जितकं विरेल तितकी बातमी चांगली.
तो आकडा मुरीचा नव्हताच.
बसच्या हीटरचा होता.

कुणी विचारलं नसतं.
डॉक्टर कुकेमेल्कांची सही झाली होती.
एका म्हातारीला एक बरा हिवाळा मिळाला असता.
हे मी स्वतःला तीनदा म्हटलं.
तिसऱ्यांदा लाज वाटली.

सकाळी मीच फोन केला.

शुक्रवारी ती स्वतः आली, मुरी कोटाच्या आत,
फक्त नाक बाहेर, आणि पांढरी पडलेली भुवई.
दुसऱ्या हातात कांद्यांची वेणी.
मुरी खोकला. तो खोकला मी ओळखते:
घशात कोंडा अडकावा तसा, आणि कोंडा कुठंच नाही.
पायावरचे केस भादरले. त्यानं माझ्या मनगटाकडे पाहिलं,
चावायचं की नाही ते ठरवलं, चावला नाही.
या वेळी बर्फ खिडकीबाहेरचा, मूठ भरून.

दोन हजार दोनशे साठ.
ट्रोपोनिनही वर.

डॉक्टरांनी कागदावर रेघ काढली,
पायऱ्या उतरत जाणारी. एकेक पायरी म्हणजे एकेक कुत्रा,
कुणाचा तरी, कुठला तरी, अभ्यासात नाव नसलेला.
मध्यावर बोट टेकवलं: इथपर्यंत निम्मे उरतात.
"निम्मे म्हणजे कुठले?"
"ते रक्त सांगत नाही."
तिनं कागद उलटा धरला, पायऱ्या वर जाऊ लागल्या,
मग पुन्हा सरळ केला.
"मे महिन्यात मी वाफे करते," ती म्हणाली.
"ओल्या मातीवर हा निजतो.
त्याच्या खळग्यात मी कांदा लावत नाही."

डॉक्टरांनी मग श्वास मोजायला शिकवलं:
झोपेत, मिनिटाला तिसाच्या वर गेले तर लगेच फोन.
तीस. हा आकडा तिला पटला.
घरी मोजता येतो, सुई लागत नाही,
शेगडीशेजारी बसून, त्याच्या बरगडीवर नजर ठेवून.

दारात थांबून मला म्हणाली,
"पहिला आकडा बरा होता."
"चुकीचा होता."
"बराही होता," आणि कोटाची बटणं
खालून वर लावत आली, नाकापर्यंत.

वेणीतला एक कांदा मी खिडकीत ठेवलाय, हीटरच्या वर.
मार्चमध्ये त्याला कोंब आला.
मुरीचा थेंबभर पिवळा थर अजून
उणे ऐंशीच्या कपाटात आहे, तिथं काहीच विरत नाही.
फोन आलेला नाही.
सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला म्हणतात.